अज्ञात रकमेचा हिशेब

व्यापाऱ्यास रोज जे हिशेब करावे लागतात त्यांचे ढोबळ मानाने दोन प्रकार पडतात. पहिल्या प्रकारात सर्व आकडे हाती असतात आणि केवळ बेरीज, वजाबाकी, गुणाकार, भागाकार करावयाचा असतो. दुसऱ्या प्रकारात शेवटचा आकडा ठाऊक असतो. तो ज्यापासून निघाला ती मूळ रक्कम मात्र अज्ञात असते. हजार रुपयांवर अठरा टक्के कर मिळवून किती होतात हे दुकानातला लहान मुलगाही सांगेल. पण कर धरून १,१८० रुपये झाले, तर मूळ किंमत किती होती, असा उलट प्रश्न टाकला म्हणजे अनुभवी माणसाचाही हात क्षणभर थबकतो.

थबकला तर बरेच म्हणावयाचे. न थबकता केलेला हिशेब अधिक महाग पडतो. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ पासून लागू झाला, त्यानंतर कर धरून सांगितलेल्या किमतीतून कर वेगळा काढण्याचा प्रसंग वारंवार येतो. अशा वेळी १,१८० चे अठरा टक्के काढून २१२ रुपये ४० पैसे वजा करणारे आणि मूळ किंमत ९६७ रुपये ६० पैसे लिहिणारे पुष्कळ आढळतात. पडताळा घेतला तर चूक तत्काळ उघडी पडते. ९६७.६० वर अठरा टक्के मिळवून १,१४१ रुपये ७७ पैसे होतात, १,१८० होत नाहीत. खरा कर १८० रुपये असता २१२.४० भरला, म्हणजे एका पावतीमागे ३२ रुपये ४० पैसे पदरचे गेले. अशा हजार पावत्या झाल्या की ३२,४०० रुपये. आणि घाऊक व्यापाऱ्याने किरकोळ व्यापाऱ्याशी असा हिशेब केला तर पैशांबरोबर विश्वासालाही धक्का लागतो. दोघेही प्रामाणिक असून दोघांनाही दुसरा लबाड वाटू लागतो.

या दुसऱ्या प्रकारच्या हिशेबास गणितात एक सरळ, निर्दोष रीत आहे. तिला आपण शाळेत एका अज्ञाताचे सरळ समीकरण म्हणून शिकलो आणि परीक्षा संपताच विसरलो. तिच्या मुळाशी व्यापारच आहे, हे येथे दाखवावे असा आमचा हेतू आहे.

प्रथम तराजूचेच उदाहरण घेऊ. एका पारड्यात सारख्या वजनाच्या गुळाच्या तीन ढेपी आणि दोन किलोचे वजन आहे. दुसऱ्या पारड्यात तशीच एक ढेप आणि एकूण बारा किलोची वजने आहेत. काटा मध्यावर स्थिर आहे. ढेपीचे वजन किती? कागद-लेखणी न घेताही हे काढता येते. दोन्ही पारड्यांतून एकेक ढेप उचलली तर काटा हलणार नाही. दोन्हींतून दोन दोन किलो उचलले तरी हलणार नाही. आता एकीकडे दोन ढेपी आणि दुसरीकडे दहा किलो उरले; म्हणजे ढेप पाच किलोची. येथे जे केले ते इतकेच : जे अज्ञात आहे त्याला ज्ञात असल्याप्रमाणेच उचलले, ठेवले, मोजले. ढेपीचे वजन ठाऊक नव्हते म्हणून ती उचलण्यास अडचण आली नाही. समीकरणाची सर्व विद्या या एका धिटाईत आहे. अज्ञाताला नाव द्यावयाचे आणि त्याला वहीत इतर रकमांच्या पंक्तीस बसवावयाचे.

आज आपण ते नाव 'क्ष' ठेवतो. आपल्या पूर्वजांनी 'यावत्तावत्' असे ठेवले होते; म्हणजे 'जितके असेल तितके'. लिहिताना त्याचे पहिले अक्षर 'या' तेवढे घेत. ज्ञात संख्येस 'रूप' म्हणत व तिच्यापूर्वी 'रू' लिहीत. आजच्या वहीतील रुपयाच्या 'रु.'ची आठवण होते खरी, पण हा 'रू' केवळ एकक दाखवी. अज्ञाते एकाहून अधिक असली तर पुढच्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावे देत. त्यामुळे एकाच अज्ञाताच्या समीकरणास 'एकवर्ण समीकरण' हे सुंदर नाव पडले.

सह्याद्रीच्या आश्रयास राहणाऱ्या भास्कराचार्यांनी ११५० साली 'सिद्धान्तशिरोमणि' रचला. त्यांच्या बीजगणितात एकवर्ण समीकरणाचे जे उदाहरण आहे ते जणू व्यापाऱ्यांसाठीच घातले आहे. एका मनुष्याजवळ रोख ३०० रूपे व सहा घोडे आहेत. दुसऱ्याजवळ तशाच किमतीचे दहा घोडे आहेत, पण त्याच्या डोक्यावर १०० रूपांचे ऋण आहे. दोघांची संपत्ती समान आहे, तर एका घोड्याची किंमत काय? हे दोन ओळींत असे मांडीत :

या ६ रू ३००
या १० रू १००

दुसऱ्या ओळीतील १०० वर एक बिंदू देत, कारण ती रक्कम ऋण आहे. आज आपण तेथे वजाचे चिन्ह देतो. ही दोन ओळींची मांडणी पाहून कोणाही मुनिमास आपल्या ताळेबंदाची आठवण होईल. 'धन' आणि 'ऋण' हे शब्द मुळात येणे आणि देणे यांचेच. ब्रह्मगुप्तांनी ६२८ साली 'ब्राह्मस्फुटसिद्धान्ता'त धन, ऋण व शून्य यांच्या बेरीज-वजाबाकीचे नियम घालून दिले. ऋणातून ऋण गेले की काय उरते हा प्रश्न शाळेतील मुलास गूढ वाटतो. ज्याने कधी कर्ज फेडले आहे त्यास तो गूढ वाटण्याचे कारण नाही.

आता उदाहरण सोडवू. दुसऱ्या मनुष्याचे १०० चे ऋण फिटावे म्हणून आपण दोघांनाही शंभर शंभर रूपे देऊ. संपत्ती समान होती, ती समानच राहिली. पहिल्याजवळ आता सहा घोडे व ४०० रूपे. दुसऱ्याजवळ निव्वळ दहा घोडे, देणे काही नाही. मग दोघांकडूनही सहा सहा घोडे काढून घेऊ. पहिल्याजवळ ४०० रूपे उरली, दुसऱ्याजवळ चार घोडे. म्हणून घोडा १०० चा. पडताळा : सहा घोड्यांचे ६०० व रोख ३०० मिळून ९००, दहा घोड्यांचे १,००० व त्यांतून ऋण १०० वजा जाता ९००. भास्कराचार्यांचा नियमही हाच आहे. एका पक्षातील अज्ञात दुसऱ्या पक्षातील अज्ञातातून वजा करावे, त्या दुसऱ्या पक्षातील रूपे पहिल्या पक्षातील रूपांतून वजा करावी, आणि उरलेल्या रूपांस उरलेल्या अज्ञाताच्या संख्येने भागावे. आजच्या भाषेत :

६क्ष + ३०० = १०क्ष − १००
३०० + १०० = १०क्ष − ६क्ष
४०० = ४क्ष
क्ष = १००

शाळेत आम्हांस सांगत की पद दुसऱ्या बाजूस नेले की त्याचे चिन्ह बदलते. हे का बदलते ते मात्र फारसे कोणी सांगत नसे. वस्तुतः कोणतेही पद कोठे जात नाही. दोन्ही बाजूंस सारखेच दिले किंवा दोन्हींकडून सारखेच घेतले, एवढेच घडते. एका बाजूचे पद त्यामुळे फिटते व दुसऱ्या बाजूस त्याची उलट नोंद दिसते. जमा आणि नावे यांचा व्यवहार नित्य करणाऱ्याला हे अधिक समजावून सांगावयास नको.

भास्कराचार्यांच्या पूर्वीही ही रीत होती. आर्यभटांनी ४९९ च्या सुमारास असा नियम दिला आहे की समान संपत्तीच्या दोन पुरुषांजवळील रोख रकमांच्या अंतरास त्यांच्याजवळील वस्तूंच्या संख्यांतील अंतराने भागले असता एका वस्तूचे मूल्य येते. घोड्यांचे उदाहरण या नियमात तंतोतंत बसते. जैन आगमांपैकी स्थानांगसूत्रात गणिताचे जे दहा विषय गणले आहेत त्यांत यावत्तावत्चे प्राकृत रूप येते. काही आधुनिक विद्वान त्याचा अर्थ सरळ समीकरण असा करतात. प्राचीन टीकाकार अभयदेवसूरी मात्र त्याचा संबंध गुणाकाराशी व श्रेढीशी लावतात. केवळ अभिमानापोटी यात निर्णय देणे आम्हांस प्रशस्त वाटत नाही.

महावीराचार्यांविषयी मात्र असा संशय नाही. राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष याच्या काळी, ८५० च्या सुमारास, या जैन पंडिताने 'गणितसारसंग्रह' लिहिला. त्या वेळच्या बहुतेक ग्रंथांत गणित हे ज्योतिषाचे एक प्रकरण म्हणून येते. हा ग्रंथ केवळ गणिताचा आहे. १९१२ साली मद्रासला रंगाचार्यांनी तो इंग्रजी भाषांतरासह छापला आणि १९६३ साली सोलापूरच्या जैन संस्कृति संरक्षक संघाने लक्ष्मीचंद्र जैन यांच्या हिंदी अनुवादासह प्रसिद्ध केला. त्यातील एक उदाहरण असे : एका खांबाचा आठवा भाग जमिनीत, तिसरा भाग पाण्यात, चौथा भाग शेवाळात आणि सात हात वर हवेत आहे, तर खांब किती लांब? आठवा, तिसरा व चौथा भाग मिळून चोविसांतील सतरा भाग होतात. उरलेले सात भाग म्हणजे सात हात, म्हणून खांब चोवीस हातांचा. या ग्रंथात अशा उदाहरणांच्या जाती पाडल्या आहेत. मूळ रकमेचेच भाग जात असतील तर ती भागजाती. प्रत्येक वेळी उरलेल्या रकमेचा भाग जात असेल तर शेषजाती. व्यापाऱ्याने हा भेद अवश्य ध्यानात ठेवावा. दहा टक्के सुटीवर आणखी दहा टक्के सूट म्हणजे वीस टक्के नव्हे, एकोणीस टक्के. कारण दुसरी सूट शेषावर आहे.

शेषजातीचे एक नामांकित उदाहरण 'लीलावती'त आहे. एका यात्रेकरूने जवळच्या धनाचा अर्धा भाग प्रयागास दिला. उरलेल्याचे दोन नवमांश काशीस, त्यानंतरच्या शेषाचा चौथा भाग वाटेत जकातीपायी, आणि पुन्हा शेषाचे सहा दशांश गयेस खर्च केले. घरी परतला तेव्हा ६३ निष्क उरले होते. निघताना किती होते? यासाठी तेथे इष्टकर्माची रीत सांगितली आहे, म्हणजे सोयीची कोणतीही एक संख्या उत्तर म्हणून मानावयाची. आपण १८० मानू. प्रयागानंतर ९० उरतात, काशीनंतर ७०, जकातीनंतर साडेबावन्न, गयेनंतर २१. आपणांस २१ नकोत, ६३ हवेत, म्हणजे तिप्पट. म्हणून मूळ धनही १८० च्या तिप्पट, ५४० निष्क.

ही रीत आपल्या पेढ्यांवर अजूनही चालते, फक्त तिला कोणी इष्टकर्म म्हणत नाही. 'शंभर धरून चला' असे म्हणतात. ती चांगली आहे, परंतु तिची मर्यादा ओळखली पाहिजे. घोड्यांच्या उदाहरणास ती लावून पाहा. किंमत ५० मानली तर पहिल्याची संपत्ती ६०० व दुसऱ्याची ४०० येते, अंतर २००. किंमत दुप्पट केल्याने संपत्ती दुप्पट होत नाही, कारण ३०० ची रोकड आणि १०० चे ऋण जागच्या जागी आहेत. यात्रेकरूचा सर्व खर्च भागांतच होता म्हणून प्रमाण टिकले. त्याने वाटेत नावाड्याला ठरावीक पाच निष्क दिले असते तर आपला १८० चा अंदाज तिपटीने वाढवून खरे उत्तर आले नसते. जेथे टक्क्यांबरोबर ठरावीक रक्कमही येते, म्हणजे हमाली, भाडे, पगार, तेथे 'शंभर धरून' चालणारा फसतो. समीकरण करणारा फसत नाही. अव्यक्त गणिताची श्रेष्ठता नेमकी या ठिकाणी आहे.

व्यापारानेही या विद्येचे ऋण ठेवलेले नाही. भास्कराचार्यांचे नातू चंगदेव यांनी चाळीसगावजवळ पाटण येथे आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केला. तेथील १२०७ चा शिलालेख प्रसिद्ध आहे. त्याच्या जुन्या मराठीतील भागात मठाच्या उत्पन्नाची व्यवस्था सांगितली आहे : पाटणच्या बाजारात विक्रीस उघडणाऱ्या मालावर ग्राहकाकडून राजास मिळणारा कर मठाला द्यावा, तेलाच्या प्रत्येक घाण्यामागे पळीभर तेल द्यावे, अशा स्वरूपाची. बीजगणित शिकवणाऱ्या मठाचा दिवा तेथील घाण्यांच्या तेलावर जळत होता.

हीच विद्या पुढे आमच्या भोपाळच्या अंगणातही आली. शिवाजी नगरातून निघून चाळीसेक किलोमीटर गेले की सीहोर लागते. इंग्रजी अमदानीत भोपाळ दरबाराकडील पोलिटिकल एजंटाचे ठाणे तेथे होते. लॅन्सलॉट विल्किन्सन हे एजंट असताना त्यांनी सीहोरच्या पाठशाळेत भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनास उत्तेजन दिले. त्यांच्या पदरी असलेले पंडित सुबाजी बापू यांचा 'सिद्धान्तशिरोमणिप्रकाश' हा मराठी ग्रंथ १८३६ साली निघाला. १८३८ मध्ये विल्किन्सन यांनी नागपूरास लीलावती व बीजगणित शिकलेल्या एका हुशार मराठी तरुणास सीहोरास आणले. तेच पुढे काशीच्या संस्कृत पाठशाळेतील विख्यात अध्यापक बापूदेव शास्त्री होत. आडनाव परांजपे, मूळचे महाराष्ट्रातील. त्यांनी बीजगणितावर हिंदीत पुस्तक लिहिले. भोपाळातील मराठी कुटुंबांना बापूदेव शास्त्र्यांचे नाव क्वचितच ठाऊक असते, याचे आम्हांस नेहमी नवल वाटते.

असो. आता पुन्हा दुकानाकडे वळू. आरंभीचे उदाहरण असे मांडावे : मूळ किंमत क्ष, तिच्यावर कर १८क्ष/१००, आणि दोन्ही मिळून १,१८०. दोन्ही बाजूंस शंभराने गुणले की ११८क्ष = १,१८,०००, म्हणून क्ष = १,०००. पाठ करावयाचे असेल तर 'शंभराने गुणून ११८ ने भागावे' एवढे पुरे. पण कराचा दर बदलला की पाठांतर निरुपयोगी ठरते, मांडणी तशीच राहते.

नफ्याच्या टक्क्यांत याहून अधिक वाद होतात. ४०० रुपयांच्या खरेदीवर वीस टक्के नफा ठेवून ४८० ला विकणारा मनुष्य खरेदीवरील नफा बोलतो. त्याचा भागीदार मात्र विक्रीच्या वीस टक्के सुटले पाहिजेत असे म्हणत असेल, तर विक्री क्ष, नफा क्ष/५, आणि क्ष − क्ष/५ = ४००. यावरून क्ष = ५००. दोघांच्या तोंडी शब्द एकच, 'वीस टक्के', आणि नगामागे फरक वीस रुपयांचा. टक्के कशावर हे न ठरवता केलेली भागीदारी वर्षअखेरीस हिशेबाला बसली की काय होते, हे वाचकांपैकी अनेकांनी पाहिले असेल. सुटीचेही तसेच. ७२० च्या मालावर दहा टक्के सूट देऊनही खरेदीवर पंचवीस टक्के नफा हवा, तर हाती ९०० आले पाहिजेत. दर्शनी किंमत क्ष धरली तर ९क्ष/१० = ९००, म्हणून चिठ्ठीवर १,००० लिहावे. पंचवीस आणि दहा मिळून पस्तीस टक्के चढवणारा ९७२ लिहील आणि सुटीनंतर त्याच्या हाती ८७४ रुपये ८० पैसेच पडतील.

ठरावीक रक्कम व टक्के एकत्र येण्याचे उदाहरण गाळ्याच्या भाड्याचे घ्या. मालक म्हणतो, महिना सरसकट १२,००० द्या, अथवा ४,००० आणि विक्रीवर पाच टक्के द्या. कोणते पत्करावे? दोन्ही भाडी सारखी होतील अशी विक्री क्ष माना.

४,००० + ५क्ष/१०० = १२,०००
५क्ष/१०० = ८,०००
क्ष = १,६०,०००

महिन्याची विक्री एक लाख साठ हजारांच्या आत राहील असे वाटत असेल तर दुसरा करार घ्यावा, वर जाईल असे वाटत असेल तर पहिला. समीकरण विक्रीचे भाकीत करीत नाही; पण कोणत्या आकड्याशी आपल्या अंदाजाची तुलना करावयाची, तो आकडा नेमका हाती देते.

कधी कधी उत्तर येतच नाही, आणि त्यातूनही काही कळते. दोन गाळ्यांचे मालक प्रत्येकी विक्रीवर पाच टक्केच मागत असतील, पण एकाचे ठरावीक भाडे ४,००० आणि दुसऱ्याचे ६,००० असेल, तर 'किती विक्रीस दोन्ही सारखे पडतील' याचे समीकरण मांडताच दोन्हीकडील क्ष एकमेकांस फेडून टाकतात आणि ४,००० = ६,००० असे अशक्य विधान उरते. याचा अर्थ विक्री कितीही होवो, पहिला गाळा दोन हजारांनी स्वस्तच राहणार. अशा ठिकाणी घोळ न घालता करार करून मोकळे व्हावे.

ज्या तरुण वाचकांना हात चालवून पाहावयाचा असेल त्यांच्यासाठी भास्कराचार्यांनीच घोड्यांच्या उदाहरणास दिलेले एक वळण येथे देतो. माणसे तीच, रोकड, ऋण आणि घोडे तितकेच. पण या वेळी संपत्ती समान नसून पहिल्याची संपत्ती दुसऱ्याच्या तिप्पट आहे. मांडताना दुसऱ्याच्या घोड्यांबरोबर त्याचे ऋणही तिप्पट होते, हे विसरू नये. घोडा या खेपेस पंचवीस रूपांना पडतो.